घास गिळेनासा होतो तेव्हा



दोन महिन्यांपूर्वी आपण विसरण्याच्या आजारावर, म्हणजे डिमेन्शियावर बोललो होतो. त्यानंतर बरेच फोन आले. बहुतेक जणींना एकच विचारायचं होतं, यावर औषध आहे का? एक फोन मात्र वेगळा होता. चाकणजवळच्या एका गावातली सून बोलत होती. सासूबाई आठ वर्षं आजारी. आधी नावं विसरल्या, मग घरचा रस्ता विसरल्या, मग संडास-लघवीचं भान गेलं. दीड वर्ष झालं, अंथरुणावरच आहेत. बोलणं बंद आहे. नवरा कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. हे सगळं तिने किराणाचा हिशेब सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, “ताई, महिना झाला, घास तोंडात धरून ठेवतात, गिळतच नाहीत. नणंदबाई आल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आईला उपाशी मारतेस. मी काय करू?” आणि मग तिला बोलवेना.

त्या दिवशी आम्ही तिला “डॉक्टरांना दाखवा” एवढंच सांगू शकलो. फोन ठेवल्यावर आमचं आम्हालाच बरं वाटेना, कारण डॉक्टरांना दाखवून तर ती थकली होती. मग आम्ही माहिती काढली, डॉक्टरांशी आणि नर्सताईंशी बोललो. आजचं बोलणं तिच्यासाठी आहे, आणि तिच्यासारख्या ज्या कुणी ऐकत असतील त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट अशी आहे की जी डॉक्टरसुद्धा बहुतेक वेळा स्पष्ट सांगत नाहीत. डिमेन्शिया हा नुसता विसरण्याचा आजार नाही. माणूस त्या आजाराने जातो. मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. सुरुवात बहुधा नव्या आठवणी साठवणाऱ्या भागापासून होते, म्हणून आपल्याला वाटतं की फक्त आठवण गेली, बाकी तब्येत ठणठणीत आहे. पण चालणं, बसणं, मान सावरणं, चावणं, गिळणं हे सगळं मेंदूच चालवतो. एक घोट पाणी प्यायचं तरी जीभ, टाळू, घसा आणि श्वासनळीवरचं झाकण यांना एका क्षणात एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं. मेंदू ती जुळणी विसरला की घास घशाशी अडतो, नाहीतर चुकीच्या वाटेने फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. तेव्हा आजी घास गिळत नाहीत तो हट्ट नसतो. सुनेच्या हाताला चव नाही असंही नसतं.

हा आजार थोड्याथोडक्यांचा राहिलेला नाही. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली अंदाज आला, की साठीपुढच्या दर शंभर माणसांत सातपेक्षा जास्त जणांना डिमेन्शिया आहे. म्हणजे देशात सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्या पट्ट्याचं तर बघा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५० च्या दशकात आली, पाठोपाठ भोसरी, आकुर्डी, चिंचवड कंपन्यांनी भरलं. त्या वेळी सातारा, सांगली, मराठवाड्यातून आलेले तरुण कामगार आज पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. इकडे म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीकडे जमिनी गेल्या, बंगले झाले, भाड्याच्या खोल्या झाल्या, पण दिवसा घरात कोण? मुलगा कंपनीत, नातू कंपनीत, नात कॉलेजात. आणि परगावाहून आलेल्या कामगाराने गावाकडची आई दहा बाय बाराच्या खोलीत आणून ठेवलेली. दोन्हीकडे आजारी माणसाजवळ उरते ती एक बाई. तीच उचलते, तीच धुते आणि बोल लागला तर तोही तिलाच लागतो.

शेवटचा टप्पा आला हे ओळखायचं कसं? माणूस दिवसभरात चार-सहा शब्दांपलीकडे बोलत नाही. आधाराशिवाय चालता येत नाही, मग बसताही येत नाही, बसवलं तर एका बाजूला कलतं. हसू मावळतं. लघवी-संडास कळत नाही. वजन उतरत जातं, आणि ताप, लघवीचा संसर्ग, छातीत कफ हे पुन्हा पुन्हा होऊ लागतं. अमेरिकेत अशा शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं, २००९ साली तो अभ्यास छापून आला. त्या काळात निम्म्याहून जास्त रुग्ण गेले. दर शंभरातल्या ८५ पेक्षा जास्त जणांना खाण्या-गिळण्याचा त्रास झाला. न्यूमोनिया झाल्यावर जवळजवळ निम्मे जण सहा महिन्यांत गेले. ही सगळी माणसं नर्सिंग होममध्ये, शिकलेल्या नर्सांच्या देखरेखीखाली होती. मग चाकणमधल्या एकट्या सुनेच्या हातून घास गेला नाही, तर त्यात तिचा दोष कुठून आला? नणंदबाई ऐकत असतील तर त्यांनाही हे सांगायचं आहे, रागाने नव्हे. आई जाताना बघवत नाही, म्हणून माणूस कुणाला तरी दोष देतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरच्यांना हा आजार पुढे कुठे जातो हे कळलेलं होतं, त्यांच्या माणसाला शेवटच्या दिवसांत सुया, नळ्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी सोसाव्या लागल्या.

आता घासाबद्दल.

खाणं एकदम, दोन-चार दिवसांत बंद झालं असेल तर आधी कारण शोधा. तोंड उघडून टॉर्चने बघा. जिभेवर पांढरा थर आहे का, हिरडी सुजली आहे का, कवळी टोचते का, दात किडला आहे का? संडास किती दिवस झाली नाही? ताप आहे का? नवीन गोळी सुरू झाली आहे का, विशेषतः झोपेची? यातलं काही असेल तर ते बरं होऊ शकतं, आणि खाणं पुन्हा सुरू होतं. आमच्या माहितीतल्या एका आजोबांचं सगळं दुखणं खडा झालेल्या संडासात होतं. एनिमा दिला, दुसऱ्या दिवशी वाटीभर खिचडी खाल्ली.

पण महिनोन्महिने हळूहळू कमी होत जाणारं खाणं वेगळं. तिथे शरीराची मागणीच कमी होत असते. ते माणूस खात नाही म्हणून संपत चाललेलं नसतं, संपत चाललंय म्हणून त्याचं खाणं कमी झालेलं असतं. वाक्य ऐकायला साधं आहे, पण एका सुनेच्या डोक्यावरचं ओझं त्यावर हलकं-जड होतं.

अशा वेळी दवाखान्यात बहुधा नाकातून पोटात नळी घालायचं सुचवतात. राइल्स ट्यूब म्हणतात ती. अर्धांगवायूचा झटका आला आहे, गिळणं काही आठवड्यांत परत येण्यासारखं आहे, तिथे ही नळी उपयोगी आहे. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र तिने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. न्यूमोनिया टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न फुफ्फुसात जायचं ते जातंच. अंथरुणातल्या जखमाही कमी होत नाहीत. आणि आजींना नळी कशाची आहे हे कळत नसल्याने त्या ती ओढून काढतात, मग त्यांचे हात खाटेला बांधतात. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्ट सांगितलं, की अशा रुग्णांना नळी घालण्याचा सल्ला देऊ नये, हाताने, सावकाश भरवावं. म्हणजे ती सून चमच्याने जे करत होती, तेच योग्य होतं.

भरवायचं कसं, ते मात्र शिकण्यासारखं आहे. माणूस पूर्ण जागं असेल तेव्हाच भरवा, झोपेत किंवा आडवं पडलेलं असताना नाही. पाठीला उशा लावून ताठ बसवा, हनुवटी थोडी छातीकडे. आपण समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, उभं राहून वरून भरवायचं नाही. लहान चमचा, अर्धाच भरलेला. आधीचा घास गेला का हे बघूनच पुढचा. साधं पाणी सगळ्यात अवघड, ते पातळ असल्याने झरकन चुकीच्या वाटेने जातं आणि ठसका लागतो. त्यापेक्षा तांदळाची दाट पेज, नाचणीची लापशी, मऊ गुरगुट्या भात, घोटलेलं वरण, दही, कुस्करलेलं केळं बरं. चुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी, फरसाण नको. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास बसतंच ठेवा, आणि गालात घास उरलेला नाही ना ते बघा. नाक दाबून तोंड उघडायला लावणं, चमच्याने दात उचकटणं, हे कुणी कितीही सांगितलं तरी करू नका. चार चमचे गेले तर चार. मान फिरवली की थांबायचं. तासाभराने पुन्हा विचारायचं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ नावाचा मराठी चित्रपट आहे. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतचे मोठे प्राध्यापक उभे केले आहेत. त्यांना हा आजार होतो आणि ते पुण्यात एका हत्तीच्या मागे निघून जातात. त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको. तिला ना आजाराचं नाव माहीत, ना त्यांची विद्वत्ता. ती त्यांना लेकरू समजते, आणि लेकराला जे करायचं ते करते. त्या कामासाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गटात एखाद्या दुपारी मोबाइलवर मिळून बघा. एक मात्र त्या चित्रपटाच्या निमित्ताने बोलून ठेवतो. लेकरू मोठं होत जातं, दर महिन्याला काहीतरी नवं शिकतं. इथे उलट असतं, आणि म्हणून सांभाळणारी लवकर थकते. तिला “लहान मुलासारखं करा” असं नुसतं सांगून भागत नाही.

आता दुखण्याविषयी. बोलता न येणारं माणूस दुखतंय हे कसं सांगणार? कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात का, दात-ओठ आवळतात का, कण्हतात का, श्वास जोरात होतो का, मुठी घट्ट होतात का, पाय पोटाशी घेतात का? जवळ घेतलं, कपाळावर हात ठेवला तरी शांत होत नाहीत का? मग दुखतंय असं समजा. आपल्याकडे अशा माणसाला “ओरडतात, मारतात” म्हणून झोपेची गोळी सुरू करतात. नॉर्वेत ३५२ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०११ साली छापला गेला. ज्यांना नियमाने दुखण्याचं औषध दिलं, आणि त्यातल्या बहुतेकांना साधं पॅरासिटामॉलच दिलं होतं, त्यांचं ओरडणं-चिडणं स्पष्टपणे कमी झालं. तेव्हा झोपेच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा, “यांना दुखत असेल का? त्यासाठी काही देऊन बघू या का?” गोळी आणि तिचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. आणखी एक विचारा. रक्तातल्या चरबीची गोळी, कॅल्शियम, दहा-बारा वर्षांपासून चालू असलेल्या बाकीच्या गोळ्या, यातली आता कुठली बंद करता येईल? गिळणं अवघड झालेल्या माणसाला रोज आठ गोळ्या कुटून देणं हीच एक शिक्षा असते. मात्र आपल्या मनाने काही बंद करू नका.

अंथरुणातल्या जखमांबद्दल आपल्या आशाताई नेहमी सांगतात, म्हणून थोडक्यात. दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीने अधांतरी ठेवा, ओलं कापड लगेच बदला, चादरीला चुणी नको. कातडी लाल झाली तर तिथे चोळू नका. उघड्या जखमेत हळद, राख, कॉफी पावडर काही घालू नका. रात्री दर दोन तासांनी उठणं एकटीला शक्य नाही हे आम्हाला कळतं. हवेची गादी असेल तर तेवढा जीव वाचतो, पण गादी आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

मग प्रश्न येतो दवाखान्याचा. छातीत कफ भरला, ताप चढला, रात्रीचे दोन वाजलेत. ॲम्ब्युलन्स बोलवायची का? याला एकच उत्तर नाही. पडून हाड मोडलं, लघवी तुंबली, रक्त जातंय, धाप किंवा वेदना घरी आवरत नाही, तर न्यायलाच हवं. पण शेवटच्या टप्प्यातला चौथा-पाचवा न्यूमोनिया असेल, तर आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटर लावल्याने डिमेन्शिया मागे जात नाही. अनोळखी दिवे, अनोळखी हात, बांधलेली मनगटं, आणि घरचं माणूस काचेबाहेर. हे नको असेल तर ते आधी ठरवावं लागतं, दिवसाउजेडी, सगळ्या भावंडांनी बसून, डॉक्टरांसमोर. रात्री दोन वाजता कुणी शांतपणे ठरवू शकत नाही. तेव्हा जो सगळ्यात मोठ्याने बोलतो त्याचं चालतं, आणि बहुधा तो वर्षातून दोनदा येणारा असतो.

खरं तर हे त्या माणसालाच विचारायला हवं, बोलता येतंय तोवर. आपल्याकडे कायद्याने त्याची सोय आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. २०१५ साली त्या गेल्या. त्यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला. मग ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने सांगितलं, की सन्मानाने मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शेवटच्या आजारात आपल्याला कुठले उपचार नकोत हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. याला लिव्हिंग विल म्हणतात. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी त्याचा काही संबंध नाही. आधी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं झालं. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढं पुरतं. आपल्या वतीने कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालायची. एक प्रत त्यांच्याकडे, एक घरच्या डॉक्टरकडे, आणि एक ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची.

अट एकच मोठी आहे. लिहिणारं माणूस त्या वेळी शुद्धीत, समजून-उमजून लिहिणारं हवं. म्हणजे डिमेन्शियात हे काम पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच होऊ शकतं, जेव्हा “आताच कशाला अभद्र बोलायचं” म्हणून आपण गप्प बसतो. कागद नसला तरी वाट बंद नाही. दवाखान्यात जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासून व्हेंटिलेटरसारखे उपचार न लावण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय घेता येतो. पण आजीच एकदा म्हणाल्या असतील, “मला नळ्या लावू नका, माझ्या घरात मरू द्या,” तर तेवढ्या एका वाक्याने पुढे भावंडांतली किती भांडणं मिटतात.

शुद्धीतलं माणूस आणि सही निघालीच आहे तर आपल्या भागातलं आणखी एक सांगतो. इथे गुंठ्याला सोन्याचा भाव आहे. आजारी म्हाताऱ्या माणसाचा अंगठा कागदावर उठवून घेण्याचे प्रकार आपण सगळ्यांनी ऐकलेत. ज्याला कागद कळत नाही त्याचा अंगठा कायद्यापुढे टिकत नाही. दिलेलं कुलमुखत्यारपत्रसुद्धा माणसाची समज गेली की संपतं. उगाच कुणी “आईचा अंगठा घेऊ, मग दवाखान्याचं बघू” म्हणालं, तर आधी वकिलाला विचारा. दिवसभर आजींजवळ असता ते तुम्हीच. अंगठा कुणी आणि कधी घेतला हेही उद्या तुम्हालाच विचारतील.

बरं, मदत कोण करणार? बरा न होणाऱ्या आजारात दुखणं, धाप, जखमा, घरच्यांची घालमेल यांची काळजी घेण्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत उपशामक काळजी. मुंबईत बांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झालं, ते देशातलं अशा प्रकारचं पहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. पण या दोन्ही जागा मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांसाठी उभ्या राहिल्या. डिमेन्शियाचं माणूस वर्षानुवर्षं हळूहळू जातं, त्याच्यासाठी अशी जागा सापडणं कठीण. सरकारचा उपशामक काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ सालचा आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून जी उपकेंद्रं झाली, त्यांच्या बारा सेवांमध्ये म्हाताऱ्या माणसांची आणि उपशामक काळजी लिहिलेली आहे. तेव्हा उपकेंद्रात जाऊन समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना नाव घेऊन विचारा, “आमच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, घरी येऊन बघाल का? जखमेची पट्टी शिकवाल का?” मागितल्याशिवाय हे मिळत नाही असा आमचा अनुभव आहे. चार जणींनी मिळून मागितलं तर जास्त मिळतं, हाही अनुभवच.

कंपनीत पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड असतं. त्यात कामगारावर अवलंबून असलेले, स्वतःचं फारसं उत्पन्न नसलेले आईवडीलही येतात. पुष्कळ पोरांनी त्यांची नावंच घातलेली नसतात, ती घालून घ्या. सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं. डायपर, हवेची गादी, ब्युरोची बाई यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत, आणि खरा खर्च तर तिथेच असतो. ही गोष्ट आम्हाला अजिबात पटत नाही, आणि संधी मिळेल तिथे आम्ही ती बोलणार. मन फारच थकलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा फोन आहे, रात्रीसुद्धा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७.

केरळात १९९३ साली कोझिकोडला दोन-चार डॉक्टरांनी सुरुवात केली, पण पुढे ते काम पसरलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळे. मलप्पुरम जिल्ह्यात साध्या माणसांना शिकवलं, त्यांनी आपल्या वस्तीतले अंथरुणाला खिळलेले रुग्ण वाटून घेतले. आठवड्यातून काही तास द्यायचे. कुणी अंघोळ घालतं, कुणी पट्टी करतं, कुणी नुसतं बसतं. २००८ साली त्या राज्य सरकारने त्याचं धोरणच केलं. आपल्याकडे बचत गट तर आधीपासून आहेत. वही आहे, ओळख आहे, विश्वास आहे. आठवड्यात दोन दुपारी कुणीतरी आजींजवळ बसलं, तर ती सून दोन तास झोपेल. तिने पहिल्या फोनवर हेच मागितलं असतं, पण मागायचं असतं हे तिला वाटलंच नाही.

शेवटचे दिवस कसे असतात हे आधी कळलेलं बरं, म्हणजे घाबरायला होत नाही. माणूस बहुतेक वेळ झोपून राहतं. गिळणं पूर्ण थांबतं. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर चट्टे दिसतात. श्वास मध्येच थांबतो, आपण दचकतो, मग पुन्हा सुरू होतो. घशात घरघर येते. ती आपल्याला ऐकवत नाही, पण बेशुद्धीतल्या माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. एका कुशीवर वळवलं की ती कमी होते. धाप फार असेल तर डॉक्टरांना बोलवा. मॉर्फिनसारखी औषधं त्यासाठी असतात, आणि २०१४ साली कायदा बदलल्यापासून मान्यता मिळालेल्या दवाखान्यांना ती ठेवणं सोपं झालं आहे.

याच वेळी पाहुणे येतात, आणि प्रत्येकाला तोंडात पाणी घालायचं असतं. गंगाजल, आळंदीहून आणलेलं इंद्रायणीचं पाणी. भावना खरी आहे, ती मोडू नका. पण चमच्याने पाणी ओतलं तर ते सरळ श्वासनळीत जातं आणि माणूस गुदमरतं. कापसाचा बोळा त्या पाण्यात भिजवून पिळा आणि ओठांना, जिभेच्या शेंड्याला लावा. तुळशीचं पान ओठांवर टेकवा. एकेका पाहुण्याच्या हातात बोळा द्या, म्हणजे प्रत्येकाला केल्याचं समाधान मिळतं. तोंड कोरडं पडू नये म्हणून एरवीही दर तासाला असंच करायचं असतं. शेजारी बसून हरिपाठ म्हणा, नातवंडांची नावं सांगा. ऐकू जात असेल असं धरूनच बोला, आणि खाटेशेजारी वाटणीची भाषा नको.

घरी मृत्यू होणार असेल तर एक कागदाचं काम आधी बघून ठेवा. आजारपणात ज्या डॉक्टरांनी तपासलं आहे त्यांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो, फॉर्म ४ अ. शेवटच्या काही आठवड्यांत एखादे डॉक्टर घरी येऊन बघून गेलेले असले तर हा दाखला अडत नाही. नाहीतर त्या दुःखात दाखल्यासाठी दारोदार फिरावं लागतं. नोंद २१ दिवसांच्या आत, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिकेत.

त्या सुनेला आम्ही परत फोन केला होता. आजी अजून आहेत. दिवसाला सहा-सात चमचे पेज जाते. डॉक्टरांनी तीन गोळ्या बंद केल्या, एक दुखण्याची सुरू केली, रात्रीचं कण्हणं कमी झालंय. नणंदबाई परत आल्या होत्या. या वेळी सुनेने त्यांच्या हातात चमचा दिला आणि म्हणाली, “वन्स, तुम्ही भरवा.” तासभर लागला, चार चमचे गेले. त्यानंतर दर रविवारी त्या येतात.

आमच्या गटाने वर्गणीतून एक हवेची गादी आणि एक कमोडची खुर्ची घेतली आहे. गादी सध्या मोशीला आहे, खुर्ची रिकामी आहे. ज्यांना लागेल त्यांनी केंद्रावर निरोप ठेवा. भाडं नाही, परत देताना डेटॉलच्या पाण्याने पुसून द्यायची, एवढंच.